जुनी तबकडी आणि नवें ध्वनियंत्र

जळगांवाहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अंजनी नदीच्या कांठीं, एरंडोल हें गांव वसलेलें आहे. लाक्षागृहांतून निसटलेले पांडव ज्या एकचक्रा नगरींत येऊन राहिले ती हीच नगरी, असें तेथील परंपरा सांगते. आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीस जाणारा यात्रेकरू ही कथा ऐकल्यावांचून सहसा परत फिरत नाहीं. परंतु एरंडोलची ख्याति आणखी एका गोष्टीसाठीं होती. तेथें जाडाभरडा देशी कागद तयार होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं छापलेल्या सरकारी गॅझेटियरांत ह्या धंद्याचा उल्लेख आहे. मात्र त्या वेळीं तो उतरणीला लागला होता. असा देशी कागद म्हणजे त्या काळच्या व्यवहाराची स्मृति. त्यावर हिशेब लिहिले गेले, खरेदीखतें लिहिलीं गेलीं, सोयरिकीचीं पत्रें लिहिलीं गेलीं. आणि हें सर्व लिखाण बहुतांशीं मोडींत झालें.

पुढें मोडी मागें पडली. कागद पेटाऱ्यांत राहिले, पण ते वाचणारा माणूस घरांत उरला नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असे कागद शोधीत महाराष्ट्रभर हिंडले व अखेर १९२६ सालच्या डिसेंबरांत धुळ्यास निवर्तले. त्यांच्या संग्रहाचें जतन व्हावें म्हणून १९२७ सालीं धुळ्यासच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. ह्या सर्व खटाटोपांतून खानदेशानें एक धडा घेतला: कागद राखणें हें अर्धेंच काम, तो वाचतां येणें हें उरलेलें अर्धें.

आज तोच प्रश्न निराळ्या रूपानें घरोघर उभा आहे. माडीवरच्या कपाटांत आजोबांच्या तबकड्या असतात, कापडाखालीं झांकलेला रेकॉर्डप्लेअर असतो, एखादा टेपरेकॉर्डर असतो, कोनाड्यांत दिव्यांचा म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ असतो. खालीं बैठकींत दूरदर्शन-संचाशेजारीं होम थिएटरचा नवा रिसीव्हर येऊन बसलेला असतो. ह्या दोहोंची गांठ घालून द्यावी, अशी घरांतील तरुण मंडळींची इच्छा असते. दुकानांतून एक तार आणली जाते, ती दोहों बाजूंस खोंचली जाते, आणि आवाज येतो तो डांसाच्या गुणगुणण्यासारखा. मग तबकडी खराब झाली असा निकाल देऊन ती रद्दींत जाते. वस्तुतः तबकडींत बिघाड नसतो. ती ज्या नियमांनीं लिहिली गेली ते नियम नव्या यंत्रास कोणी सांगितलेले नसतात, एवढेंच. ते नियम कोणते व ते कसे निर्माण झाले, हें समजण्यासाठीं इतिहासाकडेच वळलें पाहिजे.

एडिसननें १८७७ सालीं आवाज पकडून दाखविला आणि दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर ह्यानें चपट्या तबकडीची युक्ति काढली. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग हा १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. आरंभींच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथें छापून येत. गाणें संपतांच गायक आपलें नांव उच्चारतो, तें परदेशीं कारखान्यांतील लोकांस कोण गायलें हें कळावें म्हणून. १९०८ च्या सुमारास कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर तबकड्या येथेंच छापल्या जाऊं लागल्या. त्यांचा मुख्य बंध म्हणजे लाख. लाखेंत दगडाची भुकटी, काजळी व कापसाचे तंतू मळून ही काळी तबकडी होत असे. लाक्षागृहांतून सुटलेल्या पांडवांची कथा सांगणाऱ्या गांवीं मोठमोठ्या गवयांचे आवाज पुढें लाखेच्याच घरांत राहावयास आले, हा योगायोग मोठा मौजेचा.

त्या पहिल्या पंचवीस वर्षांत विजेचा संबंध नव्हता. गायकानें कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें, त्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हलावी व मेणावर खांच पडावी, अशी रीत होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मिळत. रंगभूमीवर अर्धा तास रंगणारें पद तीन मिनिटांत बसविण्याची कला आमच्या गायकनटांनीं तेव्हां साधली. बालगंधर्वांचें बालपण कांहीं काळ जळगांवीं गेलें व तेथें मेहबूबखां यांजकडून त्यांस गायनाची तालीम मिळाली. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तापीकांठचें थाळनेर. अर्थात् ज्यांच्या तबकड्या महाराष्ट्रांत सर्वांत आवडीनें ऐकल्या गेल्या, त्यांपैकीं दोघांचें नातें खानदेशाशीं जडलेलें होतें. नाटक मंडळी गांवांतून निघून गेली तरी कळीच्या ग्रामोफोनवर तिचें गाणें मागें राहात असे. आणि ज्या गांवास आगगाडी नव्हती, तेथेंही तें बैलगाडीनें पोंचत असे.

१९२५ सालीं विजेनें मुद्रण करण्याची पद्धत आली आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन उभा राहिला. १९२७ च्या जुलैंत मुंबईस नभोवाणी सुरू झाली. आतां तबकडीवरील सुईचें कंपन विजेंत बदलून तें रेडिओच्या कर्ण्यांतून ऐकवितां येऊं लागलें. अनेक जुन्या रेडिओंच्या पाठीमागें ‘पिकअप’ अथवा ‘ग्राम’ असें लिहिलेलीं दोन छिद्रें दिसतात, तीं ह्याच कामासाठीं. जुनें यंत्र नव्या यंत्रास जोडण्याचा हा पहिला प्रसंग होय. आज नवीन वाटणारा प्रश्न आमच्या पणजोबांच्या पिढीनें एकदां सोडविलेलाच आहे.

ह्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें व्हिनाइलची, मिनिटास सवा तेहेतीस नव्हे तर बरोबर ३३⅓ फेरे घेणारी लांब तबकडी काढली. तींत खांचा बारीक व जवळजवळ होत्या. येथें एक अडचण येते. खर्जाचा स्वर सुईला फार मोठा झोंका देतो. तो जसाच्या तसा कोरला तर शेजारची खांच फुटते. उलट तारस्वरांचीं कंपनें इतकीं लहान असतात कीं, तबकडीच्या खरखरींत तीं बुडून जातात. म्हणून कोरतांना खर्ज मुद्दाम दाबावा व तार मुद्दाम चढवावी, आणि ऐकवितांना नेमकें त्याच्या उलट करावें, अशी तोड निघाली. प्रत्येक कंपनीचें ह्याविषयींचें माप निरनिराळें होतें. १९५४ सालीं रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका ह्या संस्थेनें एक सर्वमान्य माप ठरवून दिलें व हळूहळू जगानें तें स्वीकारलें. ह्या मापानें अगदीं खालचा, म्हणजे सेकंदास वीस कंपनांचा स्वर सुमारें वीस डेसिबल दाबलेला असतो आणि वीस हजार कंपनांचा तितकाच चढविलेला असतो. म्हणजे लांब तबकडीच्या खांचेंत गाणें जसें गाइलें गेलें तसें नसतेंच. तें एका सांकेतिक लिपींत असतें. ही त्या तबकडीची मोडी होय.

आतां ती तार खोंचल्यावर डांसासारखा आवाज कां आला, तें सहज उमगेल. रेकॉर्डप्लेअरच्या चुंबकी पिकअपमधून निघणारी वीज सुमारें पांच मिलिव्होल्ट असते. नव्या रिसीव्हरचीं ‘सीडी’, ‘ऑक्स’ वगैरे साधीं प्रवेशद्वारें ह्याच्या कित्येक पटींनीं बलवान् अशा विजेची अपेक्षा करतात. सीडी-यंत्राची पूर्ण वीज तर दोन व्होल्ट, म्हणजे चारशें पट असते. शिवाय खर्ज दाबलेला व तार चढविलेली, ती कोणी पूर्ववत् केलेली नाहीं. साहजिकच आवाज क्षीण, कर्कश व पोकळ येतो. ज्या रिसीव्हरास ‘फोनो’ असें वेगळें द्वार असतें, त्याच्या आंत वीज वाढविणारें व मोडीचें बाळबोध करणारें असें दोन्ही काम होतें. तसें द्वार नसेल तर ‘फोनो प्रीॲम्प’ नांवाची लहानशी डबी मध्यें बसवावी लागते. अलीकडच्या कांहीं प्लेअरांत ही डबी आंतच असते व बाहेर एक खटका असतो. अशा वेळीं डबी एकच चालू असावी. दोनदां वाचलेली मोडी पुन्हा अवाचनीयच होते. आवाज फाटतो व खर्ज अंगावर येतो.

परंतु सर्वच पिकअप चुंबकी नसतात. घरगुती लहान प्लेअरांत बहुधा क्रिस्टल अथवा सिरॅमिक जातीचा पिकअप असे. त्याची वीज चुंबकी पिकअपहून कितीतरी अधिक असते आणि त्याच्या स्वभावामुळेंच त्या सांकेतिक मापाची बरीचशी भरपाई आपोआप होते. तो ‘फोनो’ द्वारास जोडणें ही चूक. त्याची जागा साध्या द्वारापाशीं. मात्र त्याला पुढें फार मोठा विरोध, म्हणजे सुमारें दहा लक्ष ओहम्, लागतो. नव्या रिसीव्हरांत तो सहसा तितका नसतो, म्हणून खर्ज दुबळा पडतो. त्यावर मध्यें योग्य विरोधाची डबी घालणें हाच उपाय.

मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची खांच रुंद. तिला सुमारें पंचाहत्तर मायक्रॉन टोंकाची सुई पाहिजे. लांब तबकडीची सुई अठरा मायक्रॉनच्या आसपासची. ती लाखेच्या खांचेंत तळाशीं खडखडत जाते आणि गाण्याऐवजीं तळाची धूळ वाचते. उलट, कळीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई व्हिनाइलवर ठेवली तर तबकडीचा एकाच फेरींत सत्यानाश होतो. ह्या जुन्या तबकड्यांचें मापही १९५४ चें नव्हे. त्या ‘फोनो’ द्वारांतून वाजविल्या तर तार अकारण दाबली जाते आणि बालगंधर्वांचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. कर्ण्यांतून मुद्रित झालेल्या अगदीं जुन्या तबकड्यांना तर असें विजेचें मापच नव्हतें. म्हणून जाणते संग्राहक अशा तबकड्यांसाठीं माप बदलतां येणारी डबी वापरतात. ती नसेल तर रिसीव्हरचा तारस्वराचा खुंटा थोडा चढवून कानानें मेळ घालावा. गतीचीही खात्री करावी, कारण आरंभीं अठ्ठ्याहत्तर हा आकडा सर्वत्र पाळला जात नव्हता. चौऱ्याहत्तरच्या गतीनें मुद्रित केलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरनें फिरविली तर काळी एकमध्यें गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो, आणि ऐकणारा त्याच्या आवाजाविषयीं भलताच ग्रह करून घेतो. ही केवळ गैरसोय नव्हे. हा इतिहासाचा विपर्यास आहे.

जोडणीच्या तारांनाही आपापला काळ आहे. तांबड्या-पांढऱ्या गोल टोंकांची जी जोडी आज सर्वत्र दिसते, ती अमेरिकेंतील आरसीए कंपनीनें प्रचारांत आणली. युरोपीय घाटाच्या जुन्या यंत्रांना मात्र पांच कांट्यांचें गोल टोंक असतें. तें जर्मनीच्या मानक-संस्थेवरून ‘डिन’ ह्या नांवानें ओळखलें जातें. टेपरेकॉर्डरच्या अशा टोंकांत तिसऱ्या व पांचव्या कांट्यांतून आवाज बाहेर येतो, पहिला व चौथा मुद्रणासाठीं आंत नेतात, आणि मधला दुसरा जमिनीचा. हा क्रम ठाऊक असला म्हणजे योग्य जोडतार ओळखतां येते. नाहीं तर यंत्र मुकें राहतें व दोष यंत्रावर येतो. प्लेअरमधून निघणारी एक बारीक सुटी तार पुष्कळांस निरुपयोगी वाटते व ते ती कापून टाकतात. ती रिसीव्हरच्या पाठीवरील जमिनीच्या स्क्रूस बांधावयाची असते. ती नसेल तर गाण्याखालीं विजेचा अखंड घुमारा चालूं राहतो.

टेप व कॅसेट यांचें काम त्या मानानें सोपें. फिलिप्सनें १९६३ सालीं आणलेल्या कॅसेटचें माप तिच्या यंत्राच्या आंतच सोडविलेलें असतें, म्हणून तिच्या यंत्राची ‘लाइन आउट’ तार साध्या द्वारास नि:शंक जोडावी. फक्त डोकें स्वच्छ असावें व पट्टा सैल झालेला नसावा. ज्या घरांत कोणा वृद्धेनें म्हटलेल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या कॅसेटवर राहिल्या असतील, त्या घरानें हें काम तबकड्यांच्याही आधीं करावें. बाजारांत छापलेल्या तबकडीची दुसरी प्रत कोठेंतरी असते; घरांतील कॅसेटची नसते.

एका ठिकाणीं मात्र उत्साहास आवर घातला पाहिजे. पूर्वीं कांहीं शहरांत वीज एकाच दिशेनें वाहणारी, तर कांहींत दिशा बदलणारी असे. दोहोंवर चालावेत म्हणून ट्रान्सफॉर्मर नसलेले रेडिओ निघाले. अशा रेडिओचा धातूचा सांगाडा घरच्या विजेच्या एका तारेशीं थेट जोडलेला असतो. त्याची तार नव्या रिसीव्हरास लावणें म्हणजे रिसीव्हरच्या अंगांत जिवंत वीज सोडणें. त्यांत यंत्राचाच नव्हे तर माणसाचाही घात आहे. असा संच जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून कशासही जोडूं नये. त्याचप्रमाणें कोणत्याही यंत्राची कर्ण्याकडे जाणारी तार रिसीव्हरच्या प्रवेशद्वारांत घालूं नये. ती वीज कर्णा हलविण्यासाठीं असते, ऐकण्याच्या नाजूक द्वारासाठीं नव्हे.

आतां नव्या यंत्राकडे पाहूं. होम थिएटरचा जन्म गाण्यासाठीं झाला नाहीं. तो चित्रपटासाठीं झाला. १९९२ सालीं डॉल्बीची अंकीय पद्धत चित्रपटगृहांत आली, पुढें ती तबकडीच्या रूपानें घरांत शिरली, आणि २००२ च्या अखेरीस ठरलेल्या एचडीएमआय जोडणीनें चित्र व आवाज एकाच तारेंतून नेले. अशा यंत्राची प्रवृत्ति आवाज चहूंकडे पसरण्याची असते. दीनानाथांचें एककर्णी पद त्याच्या हवालीं केलें कीं तें सारंगी पाठीमागें व तबला डोक्यावर नेऊन ठेवण्याचा प्रयत्न करतें. मुद्रणाच्या वेळीं एकच कर्णा किंवा एकच मायक्रोफोन होता, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून ‘स्टिरिओ’ अथवा ‘डायरेक्ट’ ही रीत निवडावी. आणि यंत्रांत ‘मोनो’ची सोय असेल तर जुन्या तबकड्यांसाठीं ती अवश्य घ्यावी. डावी व उजवी बाजू एकत्र होतांच खरखरीचा बराच भाग परस्परांत विरून जातो आणि आवाज समोर येऊन उभा राहतो.

खानदेशाची हवा ही ह्या प्रकरणांतील शेवटची पण मोठी बाब. वैशाखांत येथें पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. धाब्याच्या घरांत खालीं गारवा असला तरी पत्र्याच्या माडीवर आडव्या रचलेल्या तबकड्या वांकल्यावांचून राहात नाहींत. त्या उभ्या ठेवाव्या, खालच्या मजल्यावर ठेवाव्या. साफ करतांना लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींही लावूं नये. लाख त्यांत विरघळते आणि गाण्यासकट जाते. लाक्षागृहास आगीचें भय होतें. ह्या लाक्षागृहास उन्हाचें व अज्ञानाचें आहे.

एकदां जोडणी नीट जमली म्हणजे रिसीव्हरमधून अथवा प्रीॲम्पच्या डबीमधून संगणकावर प्रत उतरवून घेतां येते. जपून वाजविली तरी लाखेची तबकडी प्रत्येक वादनागणिक थोडी झिजतेच. चांगली प्रत एकदां झाली कीं मूळ तबकडीला विश्रांति मिळते. मुंबईस १९९० च्या सुमारास स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या संस्थेनें तबकड्यांच्या याद्या, त्यांचे क्रमांक व त्यांचा इतिहास नोंदविण्याचें काम हौशी संग्राहकांच्या बळावर केलें. घरोघरच्या मंडळींनींही प्रत करतांना तबकडीवरील नांव, क्रमांक, बाजू व वापरलेली गति लिहून ठेवावी. नांवगांव नसलेला आवाज म्हणजे तारीख नसलेला कागद. इतिहासकारास त्याचा उपयोग अर्धाच.

एरंडोलचा देशी कागद आतां व्यवहारांतून गेला. तरी त्या काळचें एखादें दफ्तर सांपडलें आणि मोडी वाचणारा भेटला, तर दीडशें वर्षांपूर्वींचा माणूस क्षणभर बोलूं लागतो. तबकडीचेंही तसेंच आहे. जुनें यंत्र टाकाऊ नाहीं आणि नवें यंत्र अरसिक नाहीं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाहीं, इतकेंच. त्या दोघांमध्यें बसविलेली मुठीएवढी डबी, स्क्रूस बांधलेली एक बारीक तार आणि नेमकी निवडलेली एक सुई हे त्यांचे दुभाषे होत. ते ज्या घरांत असतील, त्या घरांत नातवंडांना पणजोबांच्या आवडीचें गाणें पणजोबांनीं ऐकलें त्याहूनही स्वच्छ ऐकूं येईल. कारण त्या खांचांत जें लिहिलें होतें तें सगळें वाचण्याचें सामर्थ्य कळीच्या ग्रामोफोनला कधींच नव्हतें.